गावंडे काकाजींचा लांब पैसा

आमच्या कॉलनीतून कोणी परदेशी निघालं की दोन दिवस आधी गावंडे काकाजी त्याच्या दारात उभे राहायचे. प्रवासाला शुभेच्छा द्यायला नव्हे. त्यांच्या हातात वहीचा अर्धा कागद असायचा आणि त्यावर पाच सूचना. त्या माझ्याच अक्षरात होत्या, त्यामुळे अजून पाठ आहेत. एक, प्रेक्षणीय स्थळाच्या दाराशी हँडल असलेली काचेची पेटी शोधावी. दोन, तिच्यात तांब्याचं नाणं टाकावं, पांढरं नको. तीन, हँडल हळू फिरवावं, मध्ये थांबू नये. चार, नाणं बाहेर पडलं की लगेच बोट लावू नये, गरम असतं. पाचवी सूचना त्यांनी मला दोनदा अधोरेखित करायला लावली होती. चॉकलेट आणू नये.

ज्यांनी अशी पेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. परदेशात मनोऱ्यांजवळ, पुलांजवळ, प्राणिसंग्रहालयांत ती ठेवलेली असते. आत दोन पोलादी रूळ असतात. एकावर त्या जागेचं चित्र कोरलेलं असतं. हँडल फिरवलं की नाणं दोन रुळांमधून जातं आणि कडुनिंबाच्या पानासारखं लांबट होऊन खाली पडतं. त्याच्यावर मनोरा किंवा पूल उमटलेला असतो. मूळचा राजा किंवा राष्ट्राध्यक्ष मागच्या बाजूला ताणलेल्या चेहऱ्यानं राहतो. प्रवासाची आठवण म्हणून लोक ते घरी नेतात. काकाजी त्याला लांब पैसा म्हणायचे.

काकाजी स्वतः कुठेच गेलेले नव्हते. अमरावतीत, बडनेरा रस्त्यावरच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये त्यांनी सगळी नोकरी फिटर म्हणून केली. सरकी काढलेली सुटी रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधायची, त्या प्रेसचा दाब सांभाळायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा मालकांच्या मुलानं त्यांना घड्याळ दिलं आणि खिशात सापडला म्हणून अमेरिकेतला एक लांब पैसाही दिला. घड्याळ काकूंनी कपाटात ठेवलं. पैसा काकाजींनी आठ दिवस शर्टाच्या खिशात बाळगला. नवव्या दिवशी म्हणाले, "हे आपलंच काम हाय."

मी त्यांना ओळखायला लागले तोवर त्यांच्याकडे दोनशेच्या वर पैसे जमले होते. गाठींच्या हिशोबाच्या जुन्या लाकडी पेटीत, प्रत्येक पैसा रुईच्या वेगळ्या पदरात. नवा पैसा आला की त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी वास घ्यायचा. मग कारखान्यातून आणलेल्या व्हर्नियरनं दोन्ही टोकांची जाडी मोजायची. मग खिडकीशी नेऊन चित्र पाहायचं, तेही डोळा बारीक करून, जणू पैशानं आजार लपवला आहे. शेवटी निकाल द्यायचा. निकाल दोनच असत. "दाब बरोबर हाय", नाहीतर "घाई केली."

"घाई केली" हे पैशाबद्दल नसायचं, आणणाऱ्याबद्दल असायचं. आमच्या ओळीतले बोंडे वकील सहल कंपनीबरोबर युरोपला जाऊन आले. त्यांनी आणलेल्या पैशावर मनोरा एका टोकाला सरकला होता, त्याचा शेंडा कापला गेला होता. काकाजींनी पैसा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मांगं लाइन होती का, वकीलसाहेब?"

"होती. पंधरावीस माणसं."

"तुमी त्यायच्याकडे पाह्यलं."

वकिलांनी कबूल केलं. ते कोर्टात सहजासहजी काही कबूल करणारे गृहस्थ नव्हते. बरोबर आणलेलं, फ्रिजवर चिकटवायचं एक लोहचुंबकही त्यांनी पुढे केलं. काकाजींनी ते हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. "याच्यात तुमी काय केलं?" ते म्हणाले. "हे तं दुसऱ्यानं केलं."

माझा त्यांच्याशी संबंध आला तो इंग्रजीमुळे. कॉलनीत इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आम्ही दोघी होतो. दुसरी बोलायची फार, म्हणून काकाजींनी मला निवडलं. मी सातवीत होते. बोंडे वकिलांच्या अमेरिकेतल्या पुतण्यानं त्यांना एक पत्ता मिळवून दिला होता. ओहायो राज्यातल्या एका लहान गावातल्या मार्थाबाईंचा. मार्थाबाई शाळेची बस चालवून निवृत्त झाल्या होत्या आणि लांब पैसे गोळा करत होत्या. काकाजी ओट्यावर बसून वऱ्हाडीत सांगायचे, मी पायरीवर बसून इंग्रजीत लिहायचे. "तिले लिही, मांगच्या पैशाचा दाब मस्त होता. आन विचार, गुडघा कसा हाय." मार्थाबाई गुडघ्याबद्दल सविस्तर कळवायच्या आणि पाकिटात एक पैसा घालायच्या. वर्षातून दोनतीन वेळा हे चालायचं. बदल्यात काकाजींनी एकदा तिळगूळ पाठवला होता. तो पोचला नाही.

काकूंना, म्हणजे सुमनकाकूंना, या पत्रव्यवहाराबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्या फक्त मला चहा देताना विचारायच्या, "झालं का वो बाई तुमच्या साहेबायचं हापिस?"

मी नववीत असताना मार्थाबाईंनी पत्रात सहज विचारलं, तुमच्या गावच्या नाण्यावर काय चित्र आहे? प्रत्येक गावाला पोस्ट असावं तशी प्रत्येक गावाला ती पेटी असते, असा त्यांचा समज असावा असं मला वाटलं. मी मराठीत सांगितलं. अमरावतीत अशी पेटी नव्हती. अकोल्यातही नव्हती. मला वाटलं, काकाजी हेच लिहायला सांगतील.

"लिही," ते म्हणाले. "बैलगाडी."

मी पेन खाली ठेवलं.

"लिही ना. कापसाच्या बोऱ्यायनं भरलेली बैलगाडी, दोन बैल, मांगं बडनेऱ्याचं टेशन आन आगगाडीचा धूर. खाली अमरावती. तिले सांग, हे राणीच्या टायमातलं हाय. तुमच्या अमेरिकेत आपसात लढाई लागली, तुमचा कापूस विलायतेले जाणं बंद झाला, तवा आमच्या वऱ्हाडातून गेला. निरा गाड्याच गाड्या. शंभर शंभर गाड्या एका लाइनीत उभ्या राहत. तुमच्या भांडणात आमची चांदी झाली, म्हणून आमी पैशावर थेच चित्र ठुलं."

हे त्यांनी इतकं सलग सांगितलं की मला वाटलं, ते चित्र त्यांच्या डोक्यात पुष्कळ दिवस तयार असावं. मी लिहिलं. खोटं लिहिते आहे हे मला कळत होतं, पण इंग्रजीत ते कमी खोटं वाटलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. मार्थाबाईंनी लिहिलं होतं की चित्र फार आवडलं. त्यांच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे आणि प्रत्येक गावाच्या जागी तिथला पैसा टांगलेला आहे. अमरावतीच्या जागी त्यांनी खिळा ठोकून ठेवला आहे. घाई नाही, सवडीनं एक पाठवा.

काकाजींनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "खिया ठोकला म्हणते?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि घरात गेले.

त्याच आठवड्यात मी बाबांच्या कॉम्प्युटरवर शोधलं. जगातल्या अशा सगळ्या पेट्यांची एक यादी निघाली, देशवार, गाववार. भारताच्या रकान्यात अमरावती नव्हती. यादीच्या तळाशी ती सांभाळणाऱ्या चारपाच लोकांची नावं होती. त्यात मार्थाबाईंचं होतं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि हे कोणाला सांगितलं नाही. मला तेव्हा बऱ्याच गोष्टी कोणाला न सांगण्याची सवय होती.

काकाजींनी मशीन बनवायला घेतलं. राजकमल चौकाजवळचा एक रसवंतीवाला धंदा बंद करत होता. त्याचा उसाचा चरक त्यांनी उचलून आणला. काकूंनी अंगणात चरक पाहिला आणि म्हणाल्या, "आता हेच राह्यलं होतं. रस काढून कोणाले पाजता, अमेरिकेच्या बाईले?"

"रस नाही काढाचा."

"मंग काय काढता?"

"खोटं काढतो," काकाजी म्हणाले. काकूंना पत्रातली गोष्ट माहीत नव्हती, त्यामुळे त्यांना हे कळलं नाही. मला कळलं.

सहा वर्षं लागली. चरकाचे रूळ बदलले, दात्यांची चाकं बदलली, हँडल मात्र रसवंतीचंच ठेवलं. चालू नाणं चेपणं कायद्यात बसत नाही, असं बोंडे वकिलांनी सांगितलं. मग काकाजी सराफ्यातल्या भांड्यांच्या दुकानांतून मोडीत आलेले जुने राणीछाप पैसे वजनावर आणू लागले. ते त्या कापसाच्या तेजीच्याच काळातले, अस्सल तांब्याचे. ते आधी लाल होईस्तोवर तापवायचे आणि पाण्यात बुडवायचे, म्हणजे तांबं मऊ पडतं. कोऱ्या रुळातून त्यांनी शेकडो पैसे काढून पाहिले. दाब बरोबर होता. राहिलं होतं ते चित्र. बैलगाडीचा रूळ ते भिंग लावून, छिन्नीनं, दुपारच्या उन्हात कोरत. बैलाच्या एका शिंगाला त्यांना पूर्ण श्रावण लागला. दरम्यान मार्थाबाईंच्या पत्रांना उत्तरं जात होती. प्रत्येकात गुडघ्याची चौकशी असायची आणि शेवटी "पैसा लवकरच" एवढं वाक्य.

माझी कॉलेजची शेवटची परीक्षा झाली तेव्हा अकोल्याला कापसाचं प्रदर्शन भरलं. त्यात एक दालन जुन्या तेजीच्या काळावर होतं. काकाजींनी अर्ज केला आणि त्यांना सहा फुटांची जागा मिळाली. कोरलेल्या रुळाला पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद कडक करायचं काम, अकोल्याच्याच एका कारखान्यात होणार होतं. त्याआधी चित्राचा रूळ वापरला तर मऊ कोरीव काम बसेल, म्हणून त्यांनी तो एकदाही चालवून पाहिला नव्हता. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी रूळ घ्यायचा, तिथेच बसवायचा आणि पहिला पैसा लोकांसमोर काढायचा, असं ठरलं. छोटा हत्ती टेम्पोत मशीन चढवलं. पुढे काकू आणि मी, मागे मशीनला धरून काकाजी.

पहिला पैसा त्यांनी स्वतः काढला. हँडल हळू फिरवलं, मध्ये थांबले नाहीत. पैसा खाली पडला. लगेच बोट लावलं नाही. मग उचलला, वास घेतला, उजेडात धरला आणि खिशात टाकला. दुसरा काढला. तोही खिशात टाकला. तिसरा मी उचलला.

चित्र सुंदर होतं. बैलांची नाकाडं, चाकाचे आरे, धूर, सगळं होतं. फक्त बैलांची तोंडं उजवीकडे हवी होती ती डावीकडे होती आणि खालचं अमरावती उलटं उमटलं होतं, आरशात दिसतं तसं.

तोवर लोक जमले होते. कोणीतरी दुसऱ्याला सांगितलं, उलटा पैसा निघतो. मग रांग लागली. कॉलेजच्या मुलींनी शोध लावला की मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर पैसा धरला की पडद्यावर अमरावती सरळ दिसतं. गालाशी पैसा धरून त्या फोटो काढू लागल्या. त्या दालनात इतकी गर्दी दुसरीकडे कुठेच नव्हती. काकाजी हँडल फिरवत होते, कारण रांग होती.

तेवढ्यात जुनी नाणी जमवणारे अकोल्याचे एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी चेपायला ठेवलेल्या पैशांच्या वाटीत पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "अहो, हे राणीछाप पैसे हायेत! दीडशे वर्षांचे! तुमी हे चिरडून राहिले?"

"हो," काकाजी म्हणाले.

"इतिहास हाय हा, काकाजी! राणीचं तोंड हाय याच्यावर!"

"माहीत हाय. तिच्या तोंडावरून बैलगाडी नेली, एवढंच. त्या टायमाले तिनं आमच्यावरून आगगाडी नेली होती."

लोक हसले. काकाजी हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, हँडल काढून पिशवीत घातलं आणि रांगेला सांगितलं, "बंद झालं." दुपारचे साडेबारा वाजले होते. प्रदर्शन दोन दिवस होतं.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. काकाजींनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "गाठीचा पत्रा."

आम्हाला कळलं नाही, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. कापसाच्या गाठीवर कारखान्याचं नाव टाकायचं तर पत्र्यात अक्षरं आरपार कापतात, पत्रा गाठीवर ठेवतात आणि वरून शाईचा ब्रश फिरवतात. तिथे अक्षरं सरळच कापावी लागतात. अख्ख्या नोकरीत त्यांनी असे शेकडो पत्रे कापले होते. रुळावर छिन्नी ठेवली तेव्हा हातानं तेच केलं. ठशात अक्षर उलटं लागतं, हे त्यांना माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

"उलटा तं उलटा," काकू म्हणाल्या. आता त्यांनाही सगळं कळलं होतं. "त्या बाईले कोठी मराठी वाचता येते? देऊन द्या पाठवून."

"तिले वाचता येत नाही म्हणून उलटं पाठवू? पयलेच एक खोटं पाठवलं. मशीन हाय म्हणून लिहिलं. तिनं खिया ठोकला. आता सहा सालानंतर हे पाठवू?"

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. पण बोलले. "काकाजी, तिला माहीत आहे. जगातल्या सगळ्या पेट्यांची यादी आहे. ती यादी मार्थाबाईच सांभाळतात. अमरावतीत मशीन नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार."

त्यांनी बशी खाली ठेवली. "तुले कधीपासून माहीत हाय?"

"नववीपासून."

ते रागावतील असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "मंग माहीत होतं तं तिनं मांगितला काहून?"

उत्तर काकूंनी दिलं, तेही चहावाल्याला पैसे देता देता. "तुमी बनवसान म्हणून."

अमरावती येईपर्यंत ते मागे मशीनजवळ बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन रूळ आणून कोरायला घेतला. आठवड्यानं मला बोलावलं. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. नवा रूळ कधी होईल ते सांगता येत नव्हतं आणि मी नोकरीसाठी पुण्याला निघणार होते. "तवरिक खोटं तिथंच राह्यते," ते म्हणाले. "लिही." त्यांनी सांगितलं तेवढंच मी लिहिलं. "मशीन नव्हतं. मी खोटं लिहिलं होतं. आता आहे, माझ्या अंगणात. त्यातून पैसा उलटा निघतो, ती माझी चूक आहे. एक सोबत पाठवतो. दुसरा रूळ कोरतो आहे. गुडघा कसा आहे?"

मार्थाबाईंचं उत्तर मी पुण्याला गेल्यावर आलं. काकूंनी ते झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतलं आणि मला फोनवर सांगितलं. पैसा खिळ्यावर लागला होता. गुडघा बदलला होता. आणि जगाच्या त्या यादीत एक ओळ वाढली होती. मी उघडून पाहिली. अमरावती, भारत. मशीन एक. जागा, गावंडे यांचं अंगण. टीप, आरसा सोबत न्यावा.

काकाजी पुढच्या उन्हाळ्यात गेले. दुसऱ्या रुळावर एक चाक आणि दोन्ही बैल झाले होते. बैल योग्य दिशेला तोंड करून होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आम्ही ते कबुलीचं पत्र टाकायला गेलो तेव्हा. टपाल कार्यालयात खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "आत काय हाय?"

"पैसा."

"नाणं नाही जात फॉरेनले. तांब्याची पट्टी लिहू का?"

"पट्टी नोय. पैसा हाय."

"मंग नाही जात, काकाजी."

मागे रांग होती. काकाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाकिटातून तो लांब पैसा काढून खिडकीत ठेवला. "याचं एक तिकीट दे मले."

कारकुनानं पैसा उलटसुलट केला. "हा नाही चालत."

"इथं नाही चालत का कुठीच नाही चालत?"

"कुठीच नाही चालत."

"मंग हा पैसा कसा?"

"तेच तं मी सांगून राहिलो तुम्हाले!"

काकाजींनी पैसा त्याच्याकडून घेऊन परत पाकिटात घातला. "चेपलेलं तांबं लिही," ते म्हणाले. "त्याच्यात खोटं नाही." फॉर्म मी भरला. कारकुनानं पाकीट घेतलं, तिकिटांवर धाडकन शिक्का मारला आणि शिक्का बाजूला ठेवला. काकाजींनी खिडकीतून हात घालून तो उचलला. आधी पाकिटावरचा छाप पाहिला, अमरावती, स्वच्छ, सरळ. मग शिक्का उलटा केला आणि चष्मा कपाळावर चढवून, चांगला डोळा जवळ नेऊन, त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. अंगठ्यानं एकेक उलटं अक्षर चाचपलं. अंगठा काळा झाला.

"शिक्का द्या काकाजी, लाइन थांबली," कारकून म्हणाला.

"थांब," काकाजी म्हणाले. "वाचून राहिलो."